उलट्या कुपीतला गोतावळा

मी एक रेणू बोलतोय. शोधू नका, डोळे फोडून घेतलेत तरी दिसायचो नाही. या काचेच्या कुपीतल्या पाण्यात माझ्यासारखे असंख्य आहेत, आणि सगळे माझे भाऊबंद.

आम्हाला घडवलं प्रयोगशाळेतल्या ताईंनी. चण लहानखुरी, पण जिद्द अशी, की बोलायची सोय नाही! माझं एक अंग पाण्याला बिचकतं. त्यामुळे गरम पाणी निवू लागलं, की आम्ही अंग चोरून एकमेकांना चिकटतो आणि आमची लांब, पिळदार दोरी होते. सजीवांच्या शरीरात ते महाकाय रेणू असतात ना, थेट तशी! फरक एवढाच, की त्यांचे दुवे पक्के जोडलेले असतात. आम्ही नुसते धरून राहतो. अशा दोऱ्यांची जाळी झाली, की सगळं पाणी तिच्यात अडकून थिजतं. या जाळीत कातडीच्या पेशी वाढवायच्या आणि भाजलेल्या माणसांच्या जखमा भरायच्या, हे ताईंचं स्वप्न.

त्यांच्या सरांना काही ते पटेना. "आज दाखव, नाहीतर हा विषय बंद," त्यांनी सांगून टाकलं.

ताईंनी कुपी उलटी धरली. आम्ही एक थेंब पडू दिला नाही. त्यांचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! पण सरांना राहवतंय होय? "बघू, बघू," म्हणत त्यांनी कुपी घेतली आणि औषधाच्या बाटलीसारखी खळाखळा हलवली. झालं! दोऱ्या तुटल्या, आम्ही पुन्हा पातळ पाणी.

"हे काय गं? गेलं की!"

"सर, तुम्ही हलवलंत!" ताई रडवेल्या झाल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "बसा इथं. आणि आता हात लावायचा नाही."

सर गुमान बसले. ताईंनी कुपी गरम पाण्यात धरली, मग निवायला ठेवली. मला तर त्या गर्दीत शेजारी सापडेना. शेवटी एकाचा हात लागला, मग दुसऱ्याचा. "धरा रे, पोरीची लाज राखा!" मी ओरडलो.

बऱ्याच वेळानं ताईंनी कुपी सरांच्या हातावर उलटी केली. तळवा कोरडाच राहिला.

"आपलं आपण जुळलं?" सर पुटपुटले. "मीच उगाच घाई करत होतो. चालू दे तुझं काम."

ताईंना हसू आणि रडू एकदमच आलं.

उद्या आमच्या जाळीत पेशी येणार. त्या रुजल्या, की आम्ही हळूहळू विरघळून जायचं, असं ठरलंय. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण पुढेमागे कुणाच्या भाजलेल्या हातावर नवी, गुलाबी कातडी दिसली, तर तिच्यावर हळूच फुंकर घाला. आम्ही तिथं नसू. पण ती येईपर्यंत तिची जागा आम्हीच धरून ठेवलेली असेल.