अण्णाजींची झोप आणि मोठा अँप्लिफायर

पुलगावचा दुकानदार छोटा अँप्लिफायर दाखवून म्हणाला, “घरात बास गिटारला एवढा पुरे.” साल्या, मी काय डासांसाठी वाजवतो? मी मोठाच उचलला.

नाचणगावला घरी नलूनं, माझ्या बायकोनं, अट घातली. “मामाजी झोपले हायेत. उठले, तर हा डबा वापस करजा.”

मामाजी म्हणजे माझा बाप, अण्णाजी. खोलीभर भरलेल्या कापसाच्या ढिगावर तो घोरत होता. दुसरीकडे जागाच नव्हती, म्हणून डबा ढिगालाच टेकवला आणि जाड तार छेडली. आवाज कापसानं गिळला, पण अख्खा ढीग थरथरला.

बाप डोळे मिटूनच ओरडला, “कोन पाठ दाबून राह्यला बे? थांबू नोको!”

नलू तोंडात पदर कोंबून हसली. “उठले कुठं? वाजवा!”

संध्याकाळपर्यंत मी बापाची पाठ वाजवली.