वास घेतलेलं फूल

देवाच्या फुलाचा वास घ्यायचा नाही, हा माझ्या सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा, कायदा. त्यावर अपील चालत नाही. संसाराला इतकी वर्षं होऊन मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे माहीत नसावं? माहीत होतंच. पण गुलाब लावताना आठवलं नाही आणि तिथंच घोडं अडलं.

झालं असं, की करोनाच्या तापातून आत्याबाई उठल्या, हिंडू-फिरू लागल्या, पण त्यांचा वास गेला तो गेलाच. फोडणी जळली तरी कळायचं नाही. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग एक दिवस त्यांनी माझ्या तान्ह्या लेकीला मांडीवर घेतलं, तिच्या जावळात नाक खुपसलं आणि तशीच तिला माझ्याकडं दिली.

"आशा, मला माझ्याच घरात पाहुण्यावानी वाटायलंय गं," म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

डॉक्टर म्हणाले, रोज निरनिराळे वास घेत राहा, धीर धरा. लवंग झाली, निलगिरीचं तेल झालं, आत्याबाई वैतागल्या. मामांचा सगळा जन्म गंगापूरकडं उसात गेलेला. शेत वाट्यानं देऊन ते आमच्याकडं सिडकोत राहायला आलेले, हाताला काम नाही. ते म्हणाले, "औषधाचा वास माणूस किती घेईल? तिला गुलाब लावू."

नर्सरीत मी बरोबर गेले. तिथल्या माणसानं हायब्रीड टी जातीचे गुलाब दाखवले. लांब दांडा आणि टोकाला एकच टपोरं फूल. मामा एकेका फुलात नाक घालून पुढं सरकायला लागले. "हे निस्तं दिसायला नवरदेव. वास काय नाय."

नर्सरीवाला म्हणाला, "चाचा, लेने का है या सूंघने का?"

"सूंघने कोच लेने का है!" मामा म्हणाले.

शेवटी चार कलमं पसंत पडली. घरापुढं स्कूटर लावायची जागा होती, तिथं वाफा झाला आणि स्कूटर रस्त्यावर गेली. मामांनी सवयीनं उसासारखं पाणी सोडलं, पानं पिवळी पडली, मग माझी बोलणी खाऊन त्यांनी हात आखडला. थंडी पडली आणि कळ्या आल्या.

पहिलं फूल उमललं त्या दिवशी मामा दात घासून बाहेर गेले, तर नुसता दांडा. फूल केव्हाच देव्हाऱ्यात खंडोबापुढं पोचलं होतं.

"वास घेतलास का?"

"देवाच्या फुलाचा वास घेत्यात व्हय? काय बी बोलता!"

"अगं, तुझ्यासाठी लावलंय ते!"

"मग मीच दिलं की देवाला."

मामा दिवसभर घुश्शात. पण दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत कानटोपी घालून ते वाफ्यात हजर. उमललेल्या प्रत्येक फुलाचा जोरात श्वास ओढून वास घ्यायचे आणि घरात ऐकू जाईल असं ओरडायचे, "घेतला! ह्याचाबी घेतला!" शेजारच्या मनकर्णाबाईंना वाटलं, म्हातारा प्राणायाम करतोय.

"पाप लागंल," आत्याबाई कडाडल्या.

"लागू दे. खंडोबाचं आन् माझं मी बघून घेतो."

आता ती फुलं देवाला चालेनात. खंडोबाला मनकर्णाबाईंकडची जास्वंद यायला लागली आणि आमचे गुलाब स्टीलच्या पेल्यांतून घरभर. नाइलाजानं आत्याबाई ते हुंगायच्या, लहान पोर एरंडेल घेतं तसं तोंड करून.

"आला का?"

"नाय."

रोज हेच. प्रत्येक "नाय"नंतर मामांचा चेहरा पडायचा. मला दोघांचीही दया यायची. अखेर आत्याबाईंना बघवलं नसावं. एका सकाळी फूल नाकाला लावून त्या म्हणाल्या, "आला की!"

मामा ताडकन उठले. "कसा आला?"

"गुलाबासारखा. आन् कसा येतो?"

मामा त्यांच्याकडं बघत राहिले. खोटं बोलणं हे आत्याबाईंचं काम नाही, त्यांची नजर लगेच जमिनीला लागते.

"माझ्यासाठी खोटं बोलायलीस व्हय?" मामा हळूच म्हणाले. "राहू दे. उद्यापासनं घाल तुझ्या देवाला. मी नाक घालत नाय."

ते वाफ्याकडं फिरकेनासे झाले. पाणी मी घालायची. आत्याबाई पहाटे मुकाट्यानं फुलं तोडायच्या आणि देवाला वाहायच्या.

अशाच एका सकाळी मी चहा टाकत होते, तर देवघरातून हाक आली. "आवं! इकडं या!"

आम्ही दोघंही धावलो. आत्याबाई पाटावर बसलेल्या, आणि एक फिकट पिवळा गुलाब हात लांब करून धरलेला.

"मी वास घेतला नाय. नाकाजवळबी नेलं नाय. आपूनच आला."

मामांनी चौकट धरली. "कसा?"

आत्याबाईंनी जरा विचार केला. "लिंबाचं पान चुरगाळल्यावानी. आन् मागनं थोडा गोड."

मामा उंबऱ्यावरच बसले. कानटोपी काढून तिनंच डोळे पुसायला लागले. त्या पिवळ्या गुलाबाचा वास मी घेतलेला होता. तो अगदी तसाच आहे. आणि हे त्यांना आमच्यापैकी कुणीही सांगितलं नव्हतं. मी रडत होते की हसत होते, मलाच कळेना. चहा उतू गेला.

आत्याबाई एकदा फुलाकडं बघत होत्या, एकदा खंडोबाकडं. "आता हे देवाला कसं घालू?"

मग आत्याबाईच म्हणाल्या, "त्यानं दिलंय. त्याला माघारी कशाला द्यायचं?" आणि त्यांनी ते फूल सरळ आपल्या अंबाड्यात खोचलं. माझ्या लग्नापासून मी त्यांच्या केसांत फूल पाहिलं नव्हतं. मामा चक्क लाजले.

तेवढ्यात मनकर्णाबाई सवयीनं जास्वंदी घेऊन दारात आल्या. आत्याबाईंनी त्यांच्यापुढं मान वाकवली.

"घे, वास घे. देवाचं नाय, माझं हाय."