अकरा गिअरची चेन

"मामा, ही पिन राहिली की तुमची," निकिता म्हणाली.

उत्तरेश्वर आरशापुढे दाढीला साबण लावत होता. रविवार होता, दुकान नऊशिवाय उघडायचं नव्हतं. सुनेनं, निकितानं, काल त्याच्या दुकानातून नव्या चेनचा चकचकीत खोका मागून आणला होता, नातवाचे रंग ठेवायला. त्याच्या तळाशी बोटभर प्लास्टिकची पुडी निघाली होती आणि तिच्यासोबत घडी घातलेला पातळ इंग्रजी कागद.

"जादाची दिली असंल. ठिव तिथंच."

निकिता औषधाच्या दुकानात कामाला होती. बारीक अक्षरातले कागद वाचायची तिला खोडच लागली होती. "जादाची नाही हो. इथं लिहिलंय, चेन जोडताना हीच पिन वापरा. काढलेली पिन परत घालू नका. चेन तुटू शकते, चालवणारा पडून गंभीर दुखापत होऊ शकते. चित्रसुद्धा दिलंय बघा, माणूस पडलेला."

उत्तरेश्वरनं ब्रश खाली ठेवला. "परत वाच."

तिनं परत वाचलं. कागदात काही फरक पडला नाही.

बिबवेवाडीत त्याचं सायकलचं दुकान अडतीस वर्षं होतं. बार्शीहून आला तेव्हा पंक्चर काढायचा, मग चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला शिकला, मग गिअरच्या सायकली आल्या तशा त्याही शिकला. कुणी शिकवलं नाही, गाडी उघडायची आणि बघायचं. चेन जोडायची रीत मात्र पहिल्या दिवसापासून एकच होती. पिन कटरनं ढकलायची, पण पूर्ण बाहेर काढायची नाही, कडीच्या कडेला लटकती ठेवायची. जास्तीच्या कड्या काढल्या की तीच पिन परत दाबून बसवायची. हजारो चेन अशा जोडल्या असतील. एकही तुटून परत आली नव्हती, आणि हे तो गिऱ्हाइकांना न विचारता सांगायचा.

बाळ पटवर्धन त्याचे तीस वर्षांचे गिऱ्हाईक. आता सदुसष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त. त्यांची लोखंडी रेसर सायकल होती, मागे सात गिअर, ते बदलायचे दोन छोटे दांडे खालच्या नळीवर. दांडा ओढायचा आणि कानानं ऐकायचं, घरघर थांबली की गिअर बसला. बाळसाहेब ती गाडी घेऊन दर रविवारी बोपदेव घाट चढायचे. गुडघे कुरकुरायला लागले तशी त्यांच्या मुलीनं, शेफालीनं, वाढदिवसाला नव्या गिअरचा अख्खा संच आणला. अकरा गिअर, हँडलवरच बदलायचे. ती कोथरूडला राहायची, तिथल्या मोठ्या दुकानात बसवून घेऊ म्हणाली. बाळसाहेब म्हणाले, माझी गाडी उत्तरेश्वरशिवाय कुणाच्या हाती द्यायची नाही.

आणि उत्तरेश्वर म्हणाला होता, "जुन्याला काय धाड भरलीय, साहेब? अजून धा वर्षं जाईल."

"गाडी जाईल हो. माझं काय?" बाळसाहेब म्हणाले होते.

शेफालीनं विचारलं होतं, "काका, हे अकरा स्पीडचं आधी केलंय ना तुम्ही?"

"लई केलीत," उत्तरेश्वर म्हणाला होता.

एकही केलं नव्हतं. पण त्या दिवसांत त्याच्या दुकानात लहान मुलांच्या सायकली आणि पंक्चरं एवढंच येत होतं. चांगल्या गाड्या कोथरूडला, बाणेरला जात होत्या, जिथं मेकॅनिक काळा ॲप्रन घालतात आणि गिऱ्हाइकाला कॉफी देतात. नाही म्हटलं असतं तर ही शेवटची गाडीही गेली असती. त्यानं मागचं चाक धरणारा चिमटा ताणून नवं चाक बसवलं, केबली ओढल्या, गिअर एकेक करून जुळवले. तीन दिवस खपला. काम सुरेख झालं होतं. चेन हातात घेतल्यावर ती बारीक वाटली, सोनसाखळीसारखी, एवढंच काय ते त्याला जाणवलं होतं. मग कटर घेतला आणि रीतीप्रमाणे जोडली.

काल संध्याकाळी बाळसाहेब गाडी घेऊन गेले. आज रविवार होता.

उत्तरेश्वरनं भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. सात वाजून वीस. बाळसाहेब साडेसहाला निघतात.

अडतीस वर्षांत कधी तुटली नाही, तो स्वतःला म्हणाला. कागदवाले काय, घाबरवणारच. औषधाच्या कागदावर काय कमी लिहिलेलं असतं? तरी तो निकिताजवळ गेला. त्यानं पुडीतली पिन तळहातावर घेतली. बारीक टोकाची, मध्ये खाच असलेली. ती पाहिली आणि त्याला सगळं कळलं, कागदाशिवाय कळलं. नव्या चेनच्या पिनांची टोकं कारखान्यातच फुलवून पक्की केलेली असणार. एकदा ढकलली की पकड गेली. जुनी जाड चेन हे खपवून घेत होती, ही घेणार नाही.

सपाटीवर काही होणार नव्हतं. उतारावर तर पेडलच मारायचं नसतं. चढावर, सीटवरून उठून, सगळं वजन एका पायावर टाकून माणूस दाबतो तेव्हा चेन तुटली, तर पाय खाली जातो आणि माणूस पुढं हँडलवर पडतो. बोपदेवला मागून टेम्पो चालूच असतात.

त्यानं बाळसाहेबांना फोन लावला. वाजत राहिला. ते मोबाइल पाठीच्या खिशात पिशवीत गुंडाळून ठेवायचे, गाडीवर कधीच उचलायचे नाहीत. मग शेफालीला लावला.

"हॅलो, बोला काका. एवढ्या सकाळी?"

"साहेब गेलेत का घाटाला?"

"म्हणजे काय! रात्री झोपले असतील की नाही माहीत नाही. का हो, काही झालंय का?"

इथं सांगायचं होतं. "न्हाई, काय न्हाई. सहज विचारलं," असं म्हणून त्यानं फोन ठेवला, आणि ठेवल्यावर त्याला स्वतःची किळस आली.

अर्ध्या दाढीचा साबण टॉवेलनं पुसून तो स्कूटरवर निघाला. खिशात पिन, डिकीत कटर आणि पकड. निकिता दारात येऊन म्हणाली, "मामा, चहा तरी." तो गंगाधाम चौकात पोचला तेव्हा कुठं तिचे शब्द त्याच्या डोक्यात शिरले.

कोंढवा संपेपर्यंत त्यानं प्रत्येक सायकलवाल्याकडे पाहिलं. हेल्मेटं सारखीच, गॉगल सारखेच, पाठीमागून सगळी माणसं सारखीच. घाट सुरू झाला तशी स्कूटर घरघरायला लागली. त्याला वाटलं, देवाचं नाव घ्यावं. पण कुठल्या तोंडानं घ्यायचं ते कळेना. देवानं कागद दिला होता. वाचता आला नाही हा दोष नव्हता, कुणाला विचारता आलं असतं. विचारलं तर येत नाही हे कळलं असतं, म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या वळणावर गर्दी होती.

एक टेम्पो तिरपा उभा होता. माणसं वाकून काहीतरी बघत होती. त्यांच्या पायांमधून एक चाक दिसत होतं, आडवं पडलेलं. उत्तरेश्वरनं स्कूटर थांबवली, पण खाली उतरवेना. तो तसाच बसून राहिला. बाळसाहेबांच्या बायकोला काय सांगायचं, शेफालीला काय सांगायचं, सगळं त्याच्या डोक्यात आधीच होऊन गेलं. शेवटी त्यानं ओरडून विचारलं, "कोन हाय?"

"दूधवाला हाय, काका. घसरला. लागलं न्हाई जास्त."

मोटारसायकल होती. डांबरावरून दूध उतारानं वाहत होतं आणि एक तरुण गुडघा धरून कठड्यावर बसला होता. उत्तरेश्वरला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या वळणापर्यंत त्याला त्याचीही लाज वाटली.

घाटमाथ्यावर चहाच्या टपरीसमोर आठ-दहा सायकली टेकवलेल्या होत्या. त्यांत ती निळी लोखंडी गाडी होती. आणि तिच्याजवळ, हेल्मेट काखोटीला मारून, भजी खात बाळ पटवर्धन उभे होते. अख्खे.

"अरे! उत्तरेश्वर! इकडे कुठं?"

"असंच. सासवडला चाललो होतो."

"अर्धी दाढी करून? सासुरवाडीनं बोलावलंय वाटतं." आजूबाजूची मंडळी हसली. बाळसाहेबांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "काय गाडी केलीय हो तुम्ही! एकदाही पाय टेकला नाही. शेवटच्या चढाला तर मी उभा राहून मारलंय, उभा राहून! दहा वर्षांत जमलं नव्हतं."

उभा राहून. उत्तरेश्वर गाडीजवळ उकिडवा बसला. पेडल उलटं फिरवत एकेक कडी अंगठ्याखालून सरकवली. ती सापडली. पिनेचं डोकं एका बाजूला केसभर बाहेर आलं होतं आणि कडीची पट्टी किंचित उचलली होती. नख आत जात होतं.

"काय झालं?" बाळसाहेबांनी विचारलं.

"जरा चेन बघतो. नवी हाय ना, पयल्यांदा घट करावी लागती."

खोटं किती सोपं जातं. त्यानं कटर काढला, जुनी पिन ढकलून टाकली, पुडीतली घातली, बाहेर राहिलेलं टोक पकडीनं मोडलं. चार मिनिटांचं काम. दोनदा तपासलं म्हणून सात लागली. आता चेन पक्की होती. कुणाला काही कळलं नव्हतं आणि कळायचं कारणही नव्हतं.

"हा आपला माणूस," बाळसाहेब मंडळींना सांगत होते. "रविवारी सकाळी घाट चढून चेन बघायला येतो. तुमच्या कॉफीवाल्यांपैकी येईल कुणी? जुनं असो, नवं असो, याच्या हाताखालून गेलं की डोळे मिटून बसावं."

वरद नावाचा एक तिशीतला आयटीवाला पुढं झाला. "काका, नंबर द्या ना तुमचा. माझीपण चेन चेंज करायचीय. नेक्स्ट वीक मी लोणावळा राइड करतोय."

उत्तरेश्वरनं नंबर सांगायला तोंड उघडलं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"साहेब, मी चेन चुकीची जोडली होती."

"म्हणजे?"

"ह्या चेनला कंपनीची पिन लागती. ती खोक्यातच राह्यली. मी जुनीच दाबून बसवली. आज सकाळी कळलं." त्यानं काढलेली पिन तळहातावर पुढं धरली. "तुमी उभं राहून मारलं तवा ती सुटत होती. अजून एक चढ असता तर..." त्यानं हात तसाच पुढं धरून ठेवला. "शेफालीताईंना मी खोटं बोललो. अकरा गिअरचं मी आधी केलं नव्हतं. आत्ताबी खोटंच बोललो, घट करायची म्हणून."

वरद आपल्या मोबाइलमध्ये बघायला लागला. टपरीवाल्याचा स्टोव्ह तेवढा आवाज करत होता.

बाळसाहेबांनी पिन उचलली, डोळ्यांजवळ नेली, परत त्याच्या हातावर ठेवली. भज्यांचा कागद चुरगळून टोपलीत टाकला. मंडळी एकेक करून निघाली. "काका, येताय ना?" कुणी विचारलं. "व्हा पुढं," ते म्हणाले.

दोघंच राहिले तेव्हा त्यांनी विचारलं, "आता बरोबर आहे?"

"आता बरोबर हाय, साहेब. लेकराची शपथ."

"शपथ कशाला? माहीत आहे मला." त्यांनी हेल्मेट घातलं, पट्टा लावला. गाडीवर टांग टाकली आणि एक पाय पेडलवर ठेवून उभे राहिले. खाली अख्खा घाट दिसत होता. त्यांनी एकदा मान वळवून चेनकडे पाहिलं.

मग त्यांनी टांग परत काढली.

"चालतच जातो," ते म्हणाले. रागानं नाही, आज ऊन बरं आहे म्हणावं तसं. "तुम्ही व्हा पुढं. दुकान उघडायचं असेल."

हँडल धरून ते उतार चालायला लागले. बुटांना पेडलसाठी लावलेल्या लोखंडी पट्ट्या डांबरावर खटखट वाजत होत्या. उत्तरेश्वरनं स्कूटरला किल्ली लावली. त्यांच्या शेजारून गाडी पुढं काढायची हे काही त्याला जमेना. त्यानं किल्ली काढून खिशात टाकली आणि ब्रेक धरत, स्कूटर ढकलत, दहा पावलं मागं ठेवून तोही घाट उतरायला लागला.