डाळिंबाची साल

चंपाबाईंनी सहाणेवर डाळिंबाची साल उगाळली, बोटाने निपटून वाटीत घेतली आणि वाटी पदराआड धरून भाजीच्या वाडीकडे निघाल्या. बघायला चिटपाखरू नव्हतं, तरी पदराआडच.

माणिकराव मेथीच्या वाफ्याशी जुड्या बांधत बसले होते. फुप्फुसाचा कॅन्सर, त्यात हृदय अशक्त, शुगर जुनी. केमो यांना झेपणार नाही, असं अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. म्हणून ही वेगळी सुई, शरीराच्याच ताकदीला जागं करून कॅन्सरच्या अंगावर घालणारी. दोन सुयांत खोकला बसला, म्हातारा पुन्हा वाडीत येऊन बसला आणि चंपाबाईंना आभाळ ठेंगणं झालं.

पण जागी झालेली ही ताकद कधी आपल्याच आतड्यांवर उलटते. जुलाब लागले तर घरचे उपाय करत बसू नका, त्याच दिवशी फोन करा, असं बाईंनी दोघांनाही बजावलं होतं. जुलाब लागून आता आठवडा होत आला होता.

"सांगशीन त सुई बंद करतीन," माणिकराव म्हणाले होते. "चूप राह्य."

चंपाबाईंनाही सुई बंद व्हायला नकोच होती. वाशीमहून लेकीचा, धम्मदीपाचा, रोज फोन यायचा आणि त्या रोज सांगायच्या, "बाबा बेस हायेत."

आज त्या वाटी घेऊन समोर उभ्या राहिल्या, तेव्हा माणिकराव केळीच्या सोपटाची गाठ मारत होते. गाठ बसेना. जुडी सुटली, पुन्हा सुटली. जन्मभर गप्पा मारता मारता, न बघता जुड्या बांधलेला माणूस. त्यांनी जुडी तशीच मांडीवर ठेवली आणि वाटीसाठी हात पुढे केला.

चंपाबाईंनी वाटी वाफ्यात उपडी केली आणि फोन लावला.

"धम्मदीपा, बाबाले जुलाब हायेत. मी लपवून राह्यली होती."

माणिकरावांनी तोंड फिरवलं.

अकोल्याला भरती केलं. सुई थांबली, स्टेरॉइड सुरू झालं. सुई पुन्हा द्यायची की नाही ते पुढे बघू, पण आधीच्या सुयांचा गुण लगेच जात नसतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माणिकराव बायकोशी अवाक्षर बोलले नाहीत. चंपाबाई खाटेशी बसून राहायच्या आणि त्यांच्यासाठी आलेला डबा तसाच परत जायचा.

घरी आल्यावर धम्मदीपाचा फोन वाजला. चंपाबाई उचलणार, तेवढ्यात माणिकरावांनीच घेतला.

"आज दोनदाच संडासले गेलो. खोकला नाही. अन् तुह्यी माय दवाखान्यापासून धड जेवली नाही. मले वाटते तीबी काही लपवून राह्यली. तेबी सांग त्या डॉक्टरीणबाईले."

चंपाबाईंनी उठून फळीवरून दोन ताटं काढली.