बुटांवर जळणारी खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. पाच चाकांची, गोल फिरणारी. माझे एक चाक तिरके चालते आणि पाठीचे काळे रेक्झिन दोन ठिकाणी उसवले आहे. मित्रांनो, माणसाला खुर्चीचा मोह असतो असे तुम्ही ऐकले असेल. माझे उलटे झाले. मला माणसाचा मोह पडला. त्या मोहापायी मी किती जळले, ते आज काही न लपवता सांगते.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. कुणी सांगाडा जोडला, कुणी चाके बसवली, आणि एका म्हाताऱ्या गादीवाल्याने स्पंज बेतून त्यावर रेक्झिन ताणून शिवले. शेवटचा टाका घालून त्याने मला एक गिरकी दिली आणि म्हणाला, "जा बाई, चांगल्या माणसाच्या वाट्याला ये."

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आले, तीही थेट साहेबांच्या खोलीत! पण दोनच वर्षांत साहेबांसाठी उंच पाठीची नवी खुर्ची आली आणि मला ढकलत तक्रार विभागात नेऊन टाकले. त्या उंच पाठीवालीचा एखादा तरी स्क्रू ढिला निघावा, अशी मी कितीतरी दिवस वाट पाहिली. माझा स्वभावच असा, काय करणार!

मग ताई आल्या आणि मी त्या उंच पाठीवालीला विसरले.

ताईंचे काम शहराच्या तक्रारी ऐकण्याचे. टेबलावर दोन फोन, समोर एक जाड वही. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाचे गढूळ येते, कुठे रस्त्यात पाइप फुटलेला. फोनवर लोक ओरडत, "झोपा काढता काय तिथे बसून?" ताई शांतपणे म्हणत, "पत्ता सांगा, माणूस पाठवते." रिसीव्हर ठेवावा, तोच दुसरा फोन वाजे.

ताई सर्वांच्या आधी येत, सर्वांच्या मागून जात. डबासुद्धा माझ्यावर बसूनच खात. दोन घास आणि एक फोन. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय सारखा हलत असे आणि त्याबरोबर माझी चाके थरथरत. मला वाटे, ताई मला जोजवतात. त्यांचे खांदे कानांपर्यंत चढलेले असत. दुपारी त्या पोटावर हात दाबून बसत, डोक्याला बाम चोळत. शाळा सुटली की त्यांची लेक फोन करी. "आई, आज लवकर येशील?" यावर एकदा ताई तिच्यावर खेकसल्या, "सारखा फोन करू नकोस गं!" आणि मग कितीतरी वेळ नुसत्या फोनकडे बघत राहिल्या.

शेजारच्या टेबलावर टपालवाले काका बसत. ते म्हणत, "ताई, जरा बाहेर बाकावर चला. दोन मिनिटं वारा खा."

"आणि फोन कोण घेईल, काका?"

हे ऐकून मला केवढा आनंद व्हायचा! अंगणातल्या त्या लाकडी बाकाकडे मी खिडकीतून तिरक्या नजरेने बघे आणि म्हणे, बस एकटाच.

एकदा शहराची मुख्य जलवाहिनी फुटली. तीन दिवस अर्ध्या शहराला पाणी नव्हते. तिसऱ्या दिवशी भर दुपारी साहेब येऊन म्हणाले, "ताई, उद्यापासून पलीकडच्या भागाचेही फोन तुमच्याकडे. तुम्ही सांभाळून घेता ना."

"हो, साहेब," ताई म्हणाल्या. लगेच फोन वाजला. त्यांनी तो उचलला आणि तो हातातून निसटला.

"ताई! काय होतंय?"

"श्वास... पुरत नाहीये, काका. छातीत आवळल्यासारखं..."

काकांनी आधी रुग्णवाहिकेला फोन लावला. मग माझी पाठ घट्ट धरून ताईंना माझ्यावरूनच व्हरांड्यातून फाटकापर्यंत नेले. माझे तिरके चाक फरशीच्या प्रत्येक सांध्यावर अडखळत होते. फाटकाशी रुग्णवाहिकेतल्या दोघांनी ताईंना उचलून स्ट्रेचरवर ठेवले. मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण त्या घडीलाही मी त्या स्ट्रेचरवर जळले. आत्ता कुठे आलेल्या परक्याने माझ्या ताई न्याव्यात?

तीन आठवडे मी रिकामी होते. काकांनी माझ्यावर टपालाचे गठ्ठे रचले.

ताई परतल्या तेव्हा काकांनी आधी विचारले, "हृदय कसं आहे?"

"हृदय ठीक आहे. रक्तदाब वाढलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाघ मागे लागला की शरीर पळायची तयारी करतं. छाती धडधडते, अंग ताठतं. तुमचं शरीर दिवसभर तीच तयारी करतंय, आणि तुम्ही बसून! वाघही जात नाही आणि तुम्हीही पळत नाही. मग पोट बिघडणार, डोकं दुखणार, झोप उडणार."

"मग आता?"

"गोळी रोजची. आणि आता पळायचं, काका. म्हणजे, चालायचं!" असे म्हणून ताईंनी पिशवीतून निळे कापडी बूट काढले. लेकीने निवडलेले.

त्या बुटांनी माझे सुख हिरावले. तासातासाला ताई उठत. डबा काकांबरोबर त्या बाकावर खात. कुणी फार ओरडले, तर रिसीव्हर ठेवून डोळे मिटत, सावकाश श्वास सोडत आणि मगच पुढचा फोन घेत. चार वाजता बूट घालून अंगणाला फेऱ्या. साडेपाचला घरी. पायातली वहाण पायातच बरी, असे मी स्वतःला समजावी. पण ताई ते बूट कौतुकाने खिडकीत उन्हाला ठेवत! मी चिडून करकरू लागले. ताई बसल्या की मुद्दाम फुस्स करून खाली जाऊ लागले.

"काका, हिला राग आलाय बघा."

"राग कसला, तेल हवंय तिला."

एके दिवशी साहेब पुन्हा आले. "ताई, तो पलीकडचा भाग..."

या वेळी ताई 'हो' म्हणाल्या नाहीत. "साहेब, एका माणसाचं काम मी मन लावून करीन. दोघांचं करायला गेले, तेव्हा काय झालं ते तुम्ही पाहिलंत. दुसरं माणूस द्या."

साहेबांनी ताईंची जाड वही चाळून पाहिली. मग म्हणाले, "बघतो." पंधरा दिवसांनी दुसरे टेबल आले आणि त्यामागे दुसरी खुर्ची. माझ्या नशिबी आणखी एक सवत!

त्याच आठवड्यात फेऱ्या मारून ताई आत आल्या, बसल्या आणि त्यांनी पाठ मागे टेकली. अगदी पूर्ण. अकरा वर्षांत असे पहिल्यांदाच झाले. तोवर त्या नेहमी माझ्या अगदी काठावर बसत, जणू कुणी हाकलून देणार आहे. त्यांच्या छातीचे ठोके माझ्या स्पंजात उतरले, संथ, एकसारखे. मला त्या मुख्य वाहिनीच्या दिवसाचे ठोके आठवले. बंद दारावर कुणी मुठी आपटाव्यात, तसे होते ते. ज्याला मी माझ्यावरची माया समजत होते, तो ताईंचा आजार होता.

साडेपाच वाजत आले, तोच फोन वाजला. पलीकडे लेक होती. ताई हसून म्हणाल्या, "निघालेच गं, तू चपला घालून दारात उभी राहा. दोघी फिरायला जाऊ."

खरे सांगू? त्या बुटांवर मी अजूनही थोडीशी जळते. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचे खांदे असे चढलेले दिसले, कुणी विनाकारण खेकसू लागले, जेवता जेवता थांबू लागले, तर त्यांच्यावर रुसू नका. जवळ जाऊन विचारा, "काय होतंय?" त्यांचे सगळे ऐकून घ्या. दुखणे असेल तर डॉक्टरांकडे जायला लावा. आणि मग हात धरून त्यांना उठवा, उन्हात न्या. मागे खुर्ची कुरकुरेल. खुशाल कुरकुरू द्या तिला!