दोन मिनिटं बोलायचं

नूपुरला इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत नऊपैकी सात हवे होते. मागच्या वर्षी सहा मिळाले होते. कॅनडात मॅनिटोबातल्या कॉलेजातून ती पास झाली, तिथेच नोकरीलाही लागली. पण प्रांताच्या कोट्यातून पीआरचा, म्हणजे तिथे कायम राहण्याचा, अर्ज भरायचा तर इंग्रजीची परीक्षा चुकत नव्हती. आईच्या वर्षश्राद्धाला ती डिलाईल रोडच्या घरी आली, तेव्हा दादरच्या सेंटरवर तारीख मिळाली.

आई, सुभद्रा, गेली ती मागच्या परीक्षेच्या आदल्याच दिवशी. पप्पांनी पेपर झाल्यावर कळवलं. "चार दिवस शुद्धच नव्हती तिला. तू येऊन काय केलं असतंस?"

दादरला परीक्षक एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी रेकॉर्डर सुरू केला आणि कार्ड पुढे केलं. ज्या महत्त्वाच्या प्रसंगी हजर राहता आलं नाही, त्याबद्दल दोन मिनिटं बोला.

क्लासच्या सरांनी बजावलं होतं, खरं-खोटं कोणी तपासत नाही, फक्त अडखळू नका. नूपुरने आईचा शेवटचा दिवस मनानेच रचायला घेतला. परळचं हॉस्पिटल, खिडकीजवळची खाट. आई उशीला टेकून बसलेली. शेजारची म्हातारी तिला मोसंबीची फोड देते. आई पप्पांना म्हणते, शनिवारचा पेपर होईपर्यंत पोरीला फोन करू नका. मग सुचित्रामावशीला जवळ बोलावते, हातातल्या हिरव्या बांगड्या साबण लावून स्वतःच उतरवते, रुमालात बांधून तिला देते.

एकाही शब्दासाठी थांबावं लागलं नाही.

त्यापुढचं तिला आठवेना. एकदम "थँक यू" ऐकू आलं. बाईंनी चष्मा काढून हातात धरला होता आणि त्या तिच्याकडे बघत नव्हत्या.

रात्री जेवताना ती हसतच सांगायला लागली, "काय काय थापा मारल्या मी, पप्पा." फोनची गोष्ट आली तसा पप्पांचा घास हातातच राहिला.

"तुका कोणी सांगल्यान?"

"कोणी नाही. मनाचंच बोलले."

"शुद्धीत होती ती," पप्पा खाली बघत म्हणाले. "मोसंबी खाल्ली. मी तुला फोन लावत होतो, तर माझा हात धरला. शपथ घातलीन."

"आणि बांगड्या?"

"बांगड्यांचं मला ठाऊक नाही."

नूपुरने काळाचौकीला मावशीला फोन लावला. बांगड्यांचं विचारलं.

"साबण मीच आणून दिला गो. कोणाला बोलले नाही. रुमाल कपाटात आहे."

"मग पुढे काय झालं?"

"मला म्हणाली, चहा पिऊन ये. तुझे पप्पा खाली औषधं आणायला गेलेले. मी परत आले तर... पंधरा मिनिटं तिच्याजवळ कोणीच नव्हतं."

आठवड्याने निकाल लागला. बोलण्यात आठ. नूपुरने रेकॉर्डिंग मागितलं. परीक्षार्थीला ते देत नाहीत, असं उत्तर आलं. तिने पीआरचा अर्ज भरून टाकला.

निघायच्या आदल्या दुपारी पप्पा समोर येऊन बसले. "तिथे बोललीस तसंच बोल. इंग्रजीत. मला कळलं नाही तरी चालेल." त्यांनी मोबाईलवर दोन मिनिटांचा टायमर लावला.

नूपुर बोलली. खिडकी, मोसंबी, फोन, साबण, रुमाल. तिथे ती थांबली. पुढे काहीच सुचेना. ती गप्प बसून राहिली, टायमर वाजेपर्यंत.

"बघा," ती म्हणाली, "रुमालाच्या पुढे येतच नाही."

पप्पा तिच्याकडे टक लावून बघत होते.

"तू थांबलीस कुठे? सारखी बोलत होतीस." मग अगदी हळू म्हणाले, "मध्ये मला जगू म्हणालीस. ती म्हणायची तसं."

पप्पांचं नाव जगदीश, पण त्यांना जगू म्हणणारं आईशिवाय घरात दुसरं कोणी नव्हतं. नूपुरने ते नाव कधी ऐकलंही नव्हतं.

"परत बोलू? रेकॉर्ड करूया?"

पप्पांनी मोबाईल खिशात टाकला. "नको," ते म्हणाले. "तुझी बॅग भरायची राहिलीय."