यंत्रनाथांची पिवळी तबकडी

म्हसवडला माझ्या घराच्या पडवीत त्या सकाळी पन्नासेक माणसं दाटली होती. सगळ्यांच्या पुढं, भंडाऱ्याचं ताट हातात धरून उभा असलेला इसम म्हणजे मी. चमत्कारांचा भांडाफोड करत वीस वर्षं गावोगाव हिंडलेला निवृत्त विज्ञान शिक्षक.

सांगलीकडून आलेल्या यंत्रनाथ महाराजांनी माझ्या बंद पडलेल्या संगणकावर भंडारा उधळला, सीडीची एक पिवळी तबकडी आत सारली आणि डोळे मिटले. "ओम यंत्राय नमः! मेमरी जागव, माऊस हलव, व्हायरसाची बाधा पळव!"

आठ दिवस काळाठिक्कर पडलेला पडदा उजळला. त्यावर साक्षात आमचं ग्रामदैवत सिद्धनाथ! "नाथसाहेबांच्या नावानं चांगभलं!" लोक ओरडले. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

मला खुळं केलं ते भीतीनं. शेजारच्या दगडाबाईंचे मालक धुळाबा मेंढरांमागं हिंडत ओव्या गायचे. त्या कुठंच लिहिलेल्या नव्हत्या, म्हणून मी त्यांच्या आवाजात या संगणकात भरून ठेवल्या. धुळाबा गेल्या वर्षी वारले. आणि 'कॉपी काढून ठेवा' म्हणून पोरांच्या कानीकपाळी ओरडणाऱ्या मास्तरानं एकही कॉपी काढली नव्हती.

"म्हाराज, आमच्या धन्याच्या वव्या हायत का आत?" दगडाबाईंनी विचारलं.

"माई, यंत्रात प्राण मी आणला, पण जुनी डिस्क खंडित झाली. खंडित मूर्ती घरात ठेवतो का आपण? विसर्जन करावं लागंल. मी स्वतः नेतो."

दगडाबाईंनी डोळ्याला पदर लावला. माणगंगा कोरडी ठणठणीत असताना हे विसर्जन करणार कुठं, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. मी ताट ठेवून स्क्रूड्रायव्हर शोधायला निघालो.

"सर, थांबा." ही सोनम, माझी जुनी विद्यार्थिनी, आता हायस्कुलात संगणक शिकवते. "तुमीच शिकवलंय न्हवं, एका येळी एकच गोष्ट बदलून बगायची?"

तिनं संगणक बंद केला, खोकं उघडलं, जुनी डिस्क काढून माझ्या हातात दिली आणि बटण दाबलं. तबकडी आतच होती. पुन्हा सिद्धनाथ!

"डिस्क तर सरांच्या हातात हाय. मग मशीन चाललंय कशावर?"

"कृपेवर!" महाराज गरजले.

"मग कृपा राहू द्या, तबकडी तेवढी काढू." तबकडी काढून तिनं पुन्हा बटण दाबलं. पडदा काळा.

"संगणक चालवणारी सगळी यंत्रणा या तबकडीतच हाय," सोनम म्हणाली. "मशीनमधी काय बसवावं लागत न्हाई, तबकडीवरनंच सुरू हुतं. फुकट मिळती. ह्येंनी वर देवाचं चित्र घातलंय. सरांच्या डिस्कवरची यंत्रणा बिघडली असंल, म्हणून आतलं सगळं गेलं असं न्हाई."

महाराज चपला शोधू लागले. लोकांनी त्यांची झोळी उलटी केली, तर गावोगावच्या 'विसर्जन' झालेल्या नऊ डिस्का निघाल्या, विकायला ठेवलेल्या. एकही भिजलेली नव्हती.

सोनमनं माझी डिस्क परत जोडली आणि त्याच पिवळ्या तबकडीवरनं संगणक सुरू करून ती उघडली. आत धुळाबांच्या नावाची फाइल जशीच्या तशी होती. ती तिनं लावली.

आधी माझाच आवाज आला, भाषणी थाटाचा. "धुळाबा, कुणी चमत्कार दाखवला की हात जोडायचे नाहीत. आधी विचारायचं, हे झालं कसं?"

मग धुळाबा खळखळून हसले. "व्हय मास्तर. पर तुमच्यावर येळ आली, तर तुमी इचारशिला न्हवं?"

ओवी सुरू झाली तशी दगडाबाई स्पीकरजवळ जाऊन बसल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ओवी संपल्यावर त्या माझ्याकडं वळल्या. "आवं मास्तर, त्येंनी इचारलेलं, तुमी जबाब दिला न्हाई अजून."

जबाब देतो. नाही विचारलं. मी घाबरलेलो होतो, आणि घाबरलेल्या माणसाला शिक्षण असून नसल्यासारखं. म्हणून तुम्हाला सांगतो, चमत्कार दिसला की 'कसं?' एवढं विचाराच, आणि भीती वाटत असेल तेव्हा तर दोनदा विचारा. ओव्यांच्या आता तीन कॉप्या आहेत. एक दगडाबाईंकडं आहे.